हिरव्याखालची म्हैस

हिरवा रंग थेंबाथेंबांनी उभा राहिला होता, म्हणून चित्रकलेच्या कौशल्याबाई थांबल्या. नाहीतर त्या तशाच पुढे गेल्या असत्या. धायरीतल्या त्या शाळेच्या दर्शनी दालनात सकाळपासून चित्रं टांगायचं काम चाललं होतं. शिडीवर शिपाई, खाली खिळे आणि सुतळीचा पसारा, आणि शनिवारी हिंजवडीच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीचे पाहुणे यायचे म्हणून फरशीला फिनेलचा वास. प्राथमिकच्या मुलांनी ‘माझं घर’ या विषयावर काढलेली चित्रं. मधोमध, सगळ्यांत मोठ्या चौकटीत, एक उंच इमारत. तिच्यापुढे हिरवंगार लॉन, लॉनवर कारंजं, कुंपणाशी पांढरं कुत्रं. खाली संगणकावर छापलेली चिठ्ठी : तेजस्विनी, दुसरी ब. काच अजून बसायची होती. कौशल्याबाईंनी नाव वाचलं आणि पुन्हा त्या लॉनकडे पाहिलं. रंग कागदात शिरलाच नव्हता. अळवाच्या पानावर पाणी राहावं तसा वरच्यावर गोळा होऊन वाळला होता, मधे मधे बारीक काळी भोकं सोडून. पोस्टर कलर मेणखडूवर धरत नाही. हे चित्रकलेच्या माणसाला पहिल्या वर्षी कळतं आणि मग जन्मभर विसरता येत नाही. म्हणजे खाली मेण होतं. काळं, दाबून दाबून घासलेलं मेण. आणि काय होतं ते त्यांना आठवलं. खाली म्हैस होती.

ती म्हैस त्यांनी जन्माला येताना पाहिली होती. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या आठवड्यात. वर्गातली बाकीची मुलं पट्टी लावून खिडक्या आखत होती आणि ही एवढीशी, दोन घट्ट वेण्यांची पोर, अर्धी बाकावर चढून कागदावर ओणवी झाली होती. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत म्हैस. तिच्या पाठीच्या वर उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत इमारतीचे मजले, आणि खाली तिच्या चार पायांच्या मधे मोटारी लावलेल्या. पार्किंगचे खांब कुठले आणि म्हशीचे पाय कुठले हे सांगता येऊ नये अशी ती उभी होती, अख्खी इमारत आपल्या पाठीवर पेलून, आणि तिला त्याचं काहीच ओझं नव्हतं. तेजस्विनीचा काळा खडू संपला. मग तिनं शेजारणीचा मागितला, मग मागच्या बाकावरच्याचा. मुलांनी आनंदानं दिले. काळा कुणाला लागतो? घासून घासून कागद असा चकाकला की त्यात ट्यूबलाइट दिसायला लागली. तास संपल्याची घंटा झाली तरी तिला ऐकू गेली नाही. कौशल्याबाई पलीकडे उभ्या होत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं किती वेळा झालं असेल, की एखादं मूल आपल्यासमोर, आपली काही गरज नसताना, जे बघतं तेच काढतं? त्यांना हसू आलं होतं आणि डोळ्यांत पाणीही. त्यांनी कागदाला बोट लावलं नव्हतं.

त्या कधीच लावत नसत. प्रदर्शनाच्या आधी बाईंनी मुलांच्या चित्रांवरून ‘हात फिरवायचा’ ही शाळाशाळांतली जुनी रीत. मुलानं आकाश सोडलेलं असतं, बाई भरून टाकतात. मुलानं माणसाला मान दिलेली नसते, बाई देतात. मग पालक येतात, म्हणतात, काय हात आहे पोराचा! आणि पोर मान खाली घालून उभं असतं, सगळ्यांना वाटतं, लाजलं. कौशल्याबाईंनी हे आधीच्या शाळेत पाहिलं होतं, त्यावरून तिथल्या मुख्याध्यापकांशी त्यांचं हळू आवाजातलं, पण न मिटलेलं भांडणही झालं होतं. पण हे हात फिरवणं नव्हतं. हे पुरणं होतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, बोट जिभेला लावलं आणि लॉनचा वरचा कोपरा चोळला. हिरवं सोलपटासारखं निघालं. शिंगाचं टोक वर आलं, काळंभोर, जसंच्या तसं.

“मॅडम, सर रागावतील,” मागून आवाज आला. दोन वेण्या. वर्गातून पाणी प्यायला निघालेली तेजस्विनी, गळ्यात बाटली.

“कोण सर गं?”

“सौरभ सर. डिझाइनचे. ते म्हणाले हात लावायचा नाही, ओलं आहे.”

“आणि तुझी म्हैस कुठे गेली?”

तिनं चित्राकडे नीट पाहिलं, पाठ केलेलं आठवावं तसं. “ती ना, बॅकग्राउंडला गेली.” मग जरा वेळानं, खूप विचार करून, “आता जास्त छान दिसतंय ना, मॅडम?”

सौरभ वरच्या संगणकखोलीत होता. यंदापासून शाळेनं ‘आर्ट अँड डिझाइन’ असा विषय केला होता आणि त्याच्यासाठी हा मुलगा नेमला होता. तसा गुणी, नम्र, कुणालाही खुर्ची देणारा. त्यानं कौशल्याबाईंनाही दिली. “मॅम, मी फक्त क्लीन-अप केलं,” तो म्हणाला. “स्क्रीनवर करणार होतो, पण शर्मिला मॅम म्हणाल्या ओरिजिनल लावायचंय. सो हातानं केलं. पण कॉन्सेप्ट तिचाच आहे हां.”

“कॉन्सेप्ट म्हणजे काय रे, बाळा?”

“म्हणजे... घर.”

त्याच्यावर रागावता येईना. पाटी पुसावी इतक्या सहज त्यानं ती पुसली होती. त्याच्या डोळ्याला तिथं चित्र दिसलंच नव्हतं, नुसती जागा दिसली होती. राग यायला समोर कुणीतरी मोठं, जाणतं हवं. म्हणून त्या खाली मुख्याध्यापिकांकडे गेल्या.

“म्हैस, कौशल्या मॅडम?” शर्मिला मॅडम म्हणाल्या. त्यांनी तो शब्द असा उच्चारला की जणू ती केबिनच्या गालिच्यावर येऊन उभी राहिलीय. “कंपनी या चित्रांचं कॅलेंडर काढणार आहे. अमेरिकेतल्या ऑफिसात जाणार ते. तिथं जानेवारीच्या पानावर आपण म्हैस पाठवायची?”

“मग दुसऱ्या मुलाचं पाठवावं, मॅडम.”

“अहो, शाळेची जमीन तिच्या आजोबांची. ट्रस्टींना तिचंच चित्र मधोमध हवंय. आता तिनं नेमकी म्हैस काढली त्याला मी काय करू?” त्या हसल्या. “आणि मुलीचं नुकसान काय सांगा ना. नाव तिचं, बक्षीस तिचं, फोटो तिचा. तुमचंही नाव येईल खाली, मार्गदर्शन म्हणून.”

“मी असलं मार्गदर्शन केलेलं नाही.”

“बघा, तुम्ही फार मनाला लावून घेता. शनिवारी स्टेजवर मुलांबरोबर तुम्हीच उभ्या राहणार आहात. जरा हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या राहा, एवढंच.”

संध्याकाळी स्वारगेटच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसेना. सिंहगड रस्त्याच्या ज्या बाजूला पूर्वी उसाचे फड होते तिथं आता जाहिरातींचे फलक होते, प्रत्येक फलकावर तेच लॉन, तेच कारंजं. कुत्रं मात्र एकदा पांढरं, एकदा सोनेरी. सौरभनं ते कुठून काढलं हे त्यांना आत्ता कळलं. त्यांचे कान गरम झाले होते. सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांवर फलक चिकटवला या लोकांनी. आणि तो राग खाली खाली उतरत एका जुन्या ठिकाणी जाऊन थांबला, तेव्हा त्या स्वतःच चकित झाल्या. एवढी वर्षं ते ठिकाण तिथं होतं आणि त्यांनी त्याच्यावरून रोज ये-जा केली होती. त्यांच्या लहानपणीची महापालिकेची शाळा, तिसरीचा वर्ग. त्यांनी आपलं घर काढलं होतं. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतलं, पत्र्याचं. पत्र्यावर दगड ठेवलेले, वारा आला तर उडू नये म्हणून, आणि ते दगड त्यांनी एकेक करून फार मन लावून काढले होते. दाराशी निळा झेंडा. बाई आल्या, गोऱ्या, मायाळू, केसांत अबोलीचा गजरा घालणाऱ्या. म्हणाल्या, अगं, घर म्हटलं की अंगणात तुळस नको का? आणि त्यांच्या हातातला खडू घेऊन झेंड्याच्या जागी झरझर तुळशीवृंदावन काढलं. कोनाडा, कोनाड्यात पणती, वर मंजिऱ्या. वर्गात चित्र फिरवलं. घरी आणलं तेव्हा दादा, म्हणजे वडील, नुकतेच टपाल कचेरीतून आले होते. दशरथ कांबळे, सॉर्टर. मोजकं बोलणारा माणूस. ज्या वर्षी वस्तीनं दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले सगळे जुने देव स्वतःच्या हातानं ओढ्यात सोडून आलेले. त्यांनी चित्र उजेडात धरलं. “ही कुणाच्या दारातली?” “बाईंनी काढली, दादा.” दादा बराच वेळ बघत राहिले. “हात चांगला आहे बाईंचा,” म्हणाले, आणि कागद घडी न करता, हळूच, फळीवर पालथा ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. कौशल्येला त्या रात्री रडू आलं ते बाईंचा राग येऊन नाही. ती तुळस सुंदर होती. पत्र्यावरच्या दगडांपेक्षा फार सुंदर होती, आणि कौशल्येला ती आवडली होती. ते विष तसं असतं, बाई वाईट असायची गरजच नसते. तुमच्यापेक्षा चांगलं काढून देतात आणि तुमच्या घराला दार राहत नाही.

घरी त्यांचा मुलगा आयुष जेवून कामावर निघायच्या तयारीत होता; त्याची कंपनी रात्रीची जागी असे. त्यांनी त्याला सांगितलं. तो बूट घालता घालता ऐकत होता. “आई, आमच्याकडे रोज होतं. ज्युनिअरचा कोड सिनिअर अख्खा बदलतो. नाव ज्युनिअरचंच राहतं. कुणी रडत बसत नाही.”

“तो ज्युनिअर सात वर्षांचा असतो का रे?”

“कधी कधी वाटतं तसं,” तो म्हणाला आणि हसत जिना उतरला. मग अर्ध्या जिन्यातून, “तू काही बोलून बसू नकोस हां. तुझी नेमणुकीची ऑर्डर दरवर्षी रिन्यू होते, विसरलीस का?”

त्या विसरल्या नव्हत्या. पण नोकरीपेक्षा दुसरंच त्यांना टोचत होतं. रोज पहाटे, बिबवेवाडीच्या त्या दोन खोल्यांत, मेणबत्ती आणि अगरबत्ती लावून त्या बुद्धमूर्तीपुढे बसत आणि पाच शीलं घेत. लग्नाआधीपासूनचा नेम, तापातही न मोडलेला. पौर्णिमेला पांढरं नेसून आठ. नवरा गेला त्या पहाटेही त्यांनी आवाज न फुटता, नुसत्या ओठांनी ती म्हटली होती. जे दिलेलं नाही ते घेणार नाही. खोटं बोलणार नाही. आणि खोट्याच्या शीलात, विहारातल्या भंतेजींनी समजावलं होतं, कठोर बोलणंही आलं, चहाडी आली, पोकळ बोलणं आलं. त्यांनी ते इतकं अंगी बाणवलं होतं की शेजारणी म्हणत, कौशल्याबाईंच्या घरात भांडंसुद्धा आपटत नाही. पण मग खरं कसं बोलायचं, कुणाला न लागता? मऊ बोलत बोलत आपण आजवर किती गोष्टी जाऊ दिल्या, आणि जाऊ देण्याला शील म्हटलं? दुसऱ्या दिवशी पहाटे चौथं, खोटं न बोलण्याचं शील त्यांनी दोनदा म्हटलं. मेणबत्तीची ज्योत अगदी सरळ होती. राग आणि प्रार्थना एकाच छातीत मावतात हे त्यांना नवं होतं, आणि लाज वाटावी तर ती वाटेना.

शाळा सुटताना फाटकाशी सरुबाई भेटली, तेजस्विनीची आजी. नऊवारी, पायात नातवाचे स्पोर्ट्सचे बूट. शाळेपासून त्यांची इमारत हाकेच्या अंतरावर. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं दिलेले फ्लॅट, तळमजल्याच्या पार्किंगचा एक गाळाही त्यांचा. कौशल्याबाईंना वाटलं होतं, निदान हिला तरी लागेल.

“बाई, लई ब्येस क्येलंसा,” सरुबाईनं त्यांचे दोन्ही हात धरले. “कार्टीनं म्हस काढली व्हती म्हनं! ऐकून मेल्याहून मेल्यावानी झालं मला. सोसायटीतली मानसं काय म्हनतील? घरात हाय ते जगाला दाखवायचं हाय व्हय?”

“म्हैस आहे अजून पार्किंगमध्ये?”

“हाय कुटं! दिवाळीच्या आदी दिली लेकीकडं, खेडशिवापूरला. वरच्या मजल्यावाल्यांनी वासाची तक्रार क्येली. आमच्याच जिमिनीवर ऱ्हात्यात आन् आमच्याच म्हशीचा वास येतोय त्यान्ला.” ती मोकळं हसली, आणि हसता हसता पदरानं तोंड पुसलं. “ही पोरगी रोज तिच्यापाशी बसून अब्यास करायची. टेम्पोत चढवली तवा आत दडून बसली व्हती, संडासात. न्हाई आली बगायला.”

कौशल्याबाईंना पुढचं ऐकू आलं नाही. म्हणजे ती गेल्यावर काढली होती. म्हणून एवढी मोठी. म्हणून कागद पुरला नव्हता आणि वर्गातले सगळे काळे खडू पुरले नव्हते. पोरीनं तिला परत आणून पार्किंगमध्ये उभं केलं होतं, इमारतीखाली, जिथं ती होती तिथं. आणि आम्ही शिकलीसवरलेली माणसं दुसऱ्यांदा टेम्पो घेऊन गेलो. यावेळी बघायलाही लावलं तिला, आणि वर म्हणवून घेतलं, जास्त छान दिसतंय. फाटकाचा गज थंड होता, तो त्यांनी धरून ठेवला. आता हे एका चित्राचं राहिलं नव्हतं. ही मुलगी पुन्हा कधी आपल्या डोळ्यांनी काही काढील की नाही, एवढंच होतं, आणि ते शनिवारी ठरणार होतं.

शनिवारी दालनात खुर्च्या, पुष्पगुच्छ, कॅमेरे. पाहुण्या बाई तरुण होत्या, खादीचा कुडता, गोड बोलणाऱ्या. पालक मागे उभे. सरुबाई पहिल्या रांगेत, नवी इरकल नेसून. तेजस्विनीला चित्राशेजारी उभं केलं. माइक तिच्या उंचीवर खाली करण्यात आला. तिनं घरून घोकून आणलेलं इंग्रजी वाक्य एका दमात म्हटलं, हे माझं घर आहे आणि ते मी स्वतः काढलं आहे, कुणाचीही मदत न घेता. टाळ्या. पाहुण्या बाईंनी तिच्या गालाला हात लावला आणि माइक कौशल्याबाईंच्या पुढे केला. “मॅडम, यू मस्ट बी सो प्राउड! दोन शब्द?”

माइकच्या जाळीला कुणाच्या तरी अत्तराचा वास होता. दोन शब्द. कौशल्याबाईंनी शर्मिला मॅडमकडे पाहिलं नाही. मुलीकडे पाहायला हवं होतं. तेही पाहिलं नाही, हे त्यांच्या लक्षात नंतर आलं. “हे चित्र तेजस्विनीनं काढलेलं नाही,” त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ आला, भिंतीवरून परत त्यांच्याकडेही आला. “तिचं चित्र याच्या खाली आहे. ते याच्यापेक्षा फार चांगलं होतं. आपण मोठ्यांनी ते बुजवलं. त्या लहान मुलीकडून आत्ता जे बोलून घेतलं, तेही खोटं आहे, आणि ते तिचं नाही, आपलं आहे.”

कुठल्याशा खुर्चीचा पाय करकरला. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. एवढंच, तेवढाच वेळ. मग शर्मिला मॅडम दोन पावलांत पुढे आल्या, कौशल्याबाईंच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला आणि माइक घेतला. “आमच्या कौशल्या मॅडम ना, इतक्या परफेक्शनिस्ट आहेत! मुलांनी कितीही छान काढलं तरी म्हणतात, याहून छान आहे तुमच्यात, आत दडलंय.” पाहुण्या बाईंचा चेहरा उजळला. “ओह, ब्यूटिफुल!” त्या म्हणाल्या. आणि टाळ्या पडल्या. मघापेक्षा जास्त. सरुबाईनं बसल्या जागेवरून बोटं कानशिलांवर मोडली. कुणालाही काही कळलं नव्हतं, किंवा सगळ्यांना कळलं होतं आणि टाळ्या त्यासाठीच होत्या. कौशल्याबाईंनी पुन्हा तोंड उघडलं. पण माइक आता सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या हातात होता आणि पुढच्या बक्षिसाचं नाव पुकारलं जात होतं. एवढ्या मोठ्या दालनात त्यांचं बोलणं एकाच माणसाला नीट समजलं. ते माणूस त्यांच्या कमरेएवढं होतं. हातात चांदीच्या रंगाचा कप धरून, मान वर करून ती त्यांच्याकडे बघत होती. ती रडत नव्हती. आता कुणाचं खरं धरायचं, एवढंच विचारणारे डोळे. मग फोटोवाला म्हणाला, बेटा, इकडे, स्माइल, आणि तिनं केलं.

रविवारभर कौशल्याबाई घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिल्या. शर्मिला मॅडमचा फोन आला नाही, ऑर्डरचं काही कळलं नाही. फोन वाजावा, कुणीतरी मोठ्यानं बोलावं, आपणही बोलावं, असं त्यांना वाटत होतं. इतकी वर्षं जपलेला आवाज अखेर बाहेर काढला, तर त्याचाही त्या लोकांनी हार करून आपल्याच गळ्यात घातला. आणि लागला तो कुणाला? जिला लागू नये तिला. आपण खरं बोललो यात संशय नव्हता. पण मुलीला आधी जवळ घेऊन सांगितलं असतं तर? सांगायला काय होतं, तुझी म्हैस चुकली नव्हती, एवढंच. ते सांगायचं राहूनच गेलं. त्या आता सांगणार होत्या. सोमवारी दुसरी ‘ब’चा तास होता.

त्यांनी विषय दिला नाही. म्हणाल्या, ज्याला जे हवं ते काढा. वर्ग कागदांवर वाकला, खडूंच्या डब्यांचा खडखडाट झाला आणि मग ती नेहमीची, त्यांना आवडणारी कुजबुज. खिडकीबाहेर डोंगर तोडणाऱ्या यंत्राचा आवाज येत होता, तो इतक्या दिवसांत कुणाला ऐकू येईनासा झाला होता. तेजस्विनीपुढे कागद कोरा. कौशल्याबाई तिच्या बाकाशी, अगदी खाली, गुडघ्यांवर बसल्या. “तेजू, तुझी म्हैस फार छान होती,” त्या म्हणाल्या. “एकदम बरोबर होती. मला ती खूप आवडली होती, बघ.” तिनं मान हलवली, मोठी माणसं सांगतात तेव्हा हलवतात तशी. मग डब्यातून काळा खडू काढला, नवा, अजून कागदाच्या वेष्टणातला, आणि त्यांच्यापुढे धरला.

“तुम्हीच काढा ना, मॅडम.”

“का गं?”

“म्हणजे मग सरांना परत काढायला नको.”

हे ती कुरकुरून म्हणाली नव्हती. समजूतदारपणानं म्हणाली, आईला कामात मदत करणाऱ्या मुलीसारखं. आणि कौशल्याबाईंना दिसलं की आपला उजवा हात पुढे गेला आहे. कधी गेला, कोणी नेला, त्यांना कळलं नाही. खडूपासून चार बोटांवर तो थांबलेला होता आणि त्याची बोटं उघडी होती. त्यांनी तो मागे घेतला. घेताना दंडापासून दुखला.

“मी नाही काढणार, बाळा. तू काढ. वाटेल ते काढ. कुणी हात लावणार नाही, मी उभी राहते इथं.”

तेजस्विनीनं जरा विचार केला. दालनाच्या दिशेच्या भिंतीकडे एकदा बघितलं. “मग राहू दे,” ती म्हणाली. खडू वेष्टणासकट डब्यात नीट ठेवला, झाकण दाबून लावलं, कोरा कागद बाकाच्या कडेशी सरळ केला. आणि कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.